टोक नंबर दोनशे चौदा

टोकवाल्यांना त्यांच्या खऱ्या नावाने ओळखणारं प्रयोगशाळेत आता एकच उरलं होतं, ते म्हणजे दारातलं हजेरीचं यंत्र. बाकी सगळे, अगदी संचालकसुद्धा, त्यांना टोकवालेच म्हणत. एकोणतीस वर्षं ते एकच काम करत आले होते. टंगस्टनच्या बारीक तारेला टोक काढायचं. सुई, टाचणी, काटा यांना आपण टोकदार म्हणतो. टोकवाल्यांच्या हिशेबी ते सगळे बोथट खुंट. त्यांच्या तारेच्या शेंड्याला अगदी शेवटी एकच अणू पुढे राहिला तर ते टोक. दोन राहिले तर कचरा.

कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तार उभी बुडवायची आणि वीज सोडायची. पाण्याच्या पातळीशी तार झिजत जाते, मानेसारखी बारीक होते, आणि खालचा तुकडा आपल्याच वजनाने तुटून पडतो. त्याच क्षणी वीज बंद व्हायला हवी. पापणी लवण्याइतका उशीर झाला तरी शेंडा विरघळून गोल होतो. वीज आपोआप तोडणारं यंत्र कपाटात होतं, पण टोकवाल्यांचा हात त्याच्याआधी पडतो असं सगळे म्हणत. ते खरं होतं की कौतुक, हे कोणी मोजून पाहिलं नव्हतं. टोकवाल्यांनी तर मुळीच नाही.

इथे येण्याआधी ते मामाच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करायचे. मामा तोंडाचा फटकळ. तो म्हणायचा, बंद पडलेलं घड्याळ बिचारं काही बोलत नाही. माणसाची गाडी चुकवतं ते दहा मिनिटं मागे असलेलं, आणि तेही मोठ्या विश्वासाने. टोकवाले तेव्हाही प्रत्येक घड्याळ गिऱ्हाइकाला दिल्यावर दोन दिवस बेचैन असत. बायको म्हणे, "तुम्हाला काळजी नसली की त्याचीच काळजी लागते."

ज्या यंत्रात हे टोक बसायचं, ते खोलीच्या मधोमध पोलादी पिंपासारखं उभं होतं. आत हवा जवळजवळ शून्य. टोक धातूच्या चकचकीत तुकड्यावर इतक्या जवळ आणायचं की मध्ये दोन-तीन अणूंची फट राहावी, आणि मग न टेकवता ते पृष्ठभागावरून ओळीओळीने फिरवायचं. उंचसखल जसं लागेल तसं पडद्यावर चित्र उमटतं. बाईंनी, म्हणजे या खोलीच्या प्रमुखांनी, त्या तुकड्यावर लोखंड आणि कार्बनचा थर चढवला होता. त्यावर एथिलीन वायू अगदी थोडाथोडा सोडायचा. या वायूचे कण सुटे हिंडत असतात. त्या थरावर, म्हणजे उत्प्रेरकावर, एखादी नेमकी जागा सापडली की एक कण तिथे चिकटतो, दुसरा त्याचा हात धरतो, तिसरा दुसऱ्याचा. अशी साखळी वाढत जाते आणि तिचंच पुढे प्लॅस्टिक होतं. कारखान्यात हे रोज टनावारी चालतं, पण साखळी जन्मते कशी आणि वाढते कुठल्या टोकाने, हे डोळ्यांनी बघणं वेगळं. पडद्यावर ती उजळ अळीसारखी दिसे. दर चित्रागणिक थोडी लांब.

आणि बाईंना या अळ्या जोडीने दिसू लागल्या होत्या.

प्रत्येक जागेवर एक नाही, दोन साखळ्या, शेजारीशेजारी, एकीची प्रकृती ठणठणीत आणि दुसरी जरा फिकट. आजवर कोणी असं पाहिलं नव्हतं. बाईंनी त्यांचं नाव ठेवलं जुळ्या साखळ्या. सात आठवडे त्या जुळ्यांच्या मागे होत्या. लेख लिहून झाला, पाठवला, आणि दहा दिवसांनी परदेशातल्या परिषदेत त्यांचं भाषण होतं. पंचेचाळिशीच्या बाई, आजवर कधी फुशारकी न मारणाऱ्या, त्या दिवसांत जिने दोन-दोन पायऱ्या चढत.

सातही आठवडे यंत्रात एकच टोक होतं. नंबर दोनशे चौदा. या धंद्यात एक अलिखित नियम आहे: चालत्या टोकाला हात लावायचा नाही. चांगलं टोक दहात एखादं निघतं, आणि बदलायचं म्हटलं की निर्वात, तापवणं, थंड होणं, दोन दिवस गेले. म्हणून लाभलेलं टोक लोक देव्हाऱ्यातल्यासारखं जपतात. बाईंनी तर जुळ्यांचं एक चित्र मोठं करून बाहेरच्या भिंतीवर लावलं होतं आणि खाली छापलं होतं, टोक क्रमांक २१४. येणारेजाणारे टोकवाल्यांच्या पाठीवर थाप मारत. टोकवाले हसत आणि पुढे सटकत.

त्यांच्या सटकण्याला कारण होतं.

ते टोक बसवलं त्या सोमवारी सकाळी साडेआठला खोलीत ते एकटेच होते. टोक खाली उतरवायचं काम हातात बटणांची डबी घेऊन करायचं. एक दाबणी म्हणजे एक पायरी. काचेच्या झरोक्यातून बघत राहायचं. वरून टोक येतं, खालच्या चकचकीत धातूत त्याचं प्रतिबिंब वर येतं, आणि दोघांत केसभर अंतर उरलं की थांबून पुढचं यंत्रावर सोपवायचं. टोकवाल्यांचा उजवा अंगठा वर्षभरापासून सकाळी सकाळी जरा थरथरायचा. त्या सोमवारी तो एकदा दाबायच्या ऐवजी तीनदा दाबला गेला. विजेचा आकडा एकदम टोकाला जाऊन आदळला. टोक टेकलं होतं.

टेकलं तर वहीत लिहायचं, एवढा साधा दंडक. वेळ, किती टेकलं, सही. पण त्याच महिन्यात त्यांच्या हातून दोन टोकं आधीच मोडली होती, आणि संचालकांच्या खोलीतून "आता यंत्रच वापरा ना" असा विषय निघाल्याचं कानावर आलं होतं. टोकवाल्यांनी विचार केला, आधी चित्र तर बघू, मग लिहू. टोक वर घेतलं, पुन्हा सावकाश उतरवलं, आणि पडद्यावर अणू असे उमटले की पेरलेले दाणे मोजून घ्यावेत. इतकं स्वच्छ चित्र त्यांनी एकोणतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. टेकल्याने कधीकधी टोक सुधारतंही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तेवढ्यात बाई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, काका, आज काय जादू केलीत? टोकवाल्यांचं पेन खिशातच राहिलं. मग दुपार झाली, मग मंगळवार झाला. मंगळवारी सोमवारचं लिहायचं म्हणजे आधी सोमवारी का नाही ते लिहायला हवं.

असे सात आठवडे गेले. गोष्ट विसरल्यातही जमा झाली असती, पण पंपवाल्याला गप्प बसवत नाही.

पंपवाला म्हणजे निर्वाताचे पंप सांभाळणारा, टोकवाल्यांच्याच वयाचा, आणि त्यांना टोक्या म्हणायची मुभा असलेला जगातला एकमेव माणूस. हातातलं फडकं खांद्यावर टाकून तो भिंतीवरच्या चित्रासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "टोक्या, तुझ्या या जुळ्यांना शिस्त फार. सगळी धाकटी भावंडं उजवीकडे, वरच्या अंगाला. एकही वाकडी नाही. आमच्या घरी जेवायला बसताना दोन पोरं कधी एका बाजूला बसली नाहीत."

तो हसला आणि पंपाकडे गेला. टोकवाले चित्रासमोरच उभे राहिले.

दिशेचा प्रश्न बाईंनाही पडला होता. लेखात त्यांनी त्याचं कारण दिलं होतं. धातूवर अणूंच्या पायऱ्या असतात, जिन्यासारख्या. त्या पायरीच्या कलामुळे जुळ्या एका अंगाला झुकतात. कारण पटण्यासारखं होतं. पण टोकवाल्यांना पायऱ्या ठाऊक नव्हत्या, टोकं ठाऊक होती. शेंड्याला दोन अणू राहिले आणि त्यातला दुसरा जरा मागे असला, तर सपाट जागेवर तो गप्प बसतो. चित्र निर्मळ येतं. पण वाटेत काही उंच आलं, की ते आधी पहिल्याला लागतं, मग दुसऱ्याला. एकाच वस्तूची दोन चित्रं. दुसरं जरा फिकट. आणि अंतर न् दिशा प्रत्येक वेळी तीच, कारण ती वस्तूची नसते, टोकाची असते.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी आपल्या खोलीचं दार लोटलं. दोन छापील चित्रं काढली, दोन वेगळ्या तुकड्यांची. त्यांत पायऱ्यांचा कल वेगवेगळा होता. पहिल्यावर बटर पेपर ठेवला आणि प्रत्येक ठळक साखळीचं टोक पेन्सिलीने टिपलं. सदतीस टिंबं झाली. मग कागद उजवीकडे, वरच्या अंगाला हळूच सरकवला. सदतीसच्या सदतीस टिंबं फिकट साखळ्यांवर जाऊन बसली, मापाने शिवल्यासारखी. कोपऱ्यात घाणीचा एक ठिपका होता, त्यालासुद्धा फिकट जुळं होतं. दुसऱ्या चित्रावरही सरकवणं तेच.  डबा उघडायचा राहून गेला.

जुळ्या नव्हत्याच. सोमवारी सकाळी टेकलेलं टोक दुभंगलं होतं, आणि सात आठवडे ते एकीच्या दोन करून दाखवत होतं.

आता सांगायचं. पण सांगायचं म्हणजे आधी सोमवारची गोष्ट सांगायची. ते बाईंच्या दारापर्यंत गेले. बाई फोनवर होत्या, परिषदेच्या लोकांशी बोलत, आणि हाताने त्यांनी आत या अशी खूण केली. फोन ठेवून म्हणाल्या, बरं झालं आलात, काका. लेखाच्या सुधारित प्रतीत आभारांतला तुमचा उल्लेख मी काढला. टोकवाल्यांना एक क्षण सुटल्यासारखं वाटलं. बाई पुढे म्हणाल्या, तुमचं नाव लेखकांत घालतेय. टोकाशिवाय या लेखात आहेच काय?

टोकवाल्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं. बाहेर आल्यावर त्यांना कळेना, आपण आत कशाला गेलो होतो आणि काय करून आलो.

घरी त्यांनी नावाची बातमी तेवढी सांगितली, कारण काहीतरी सांगायला हवं होतं. बायकोने तासाभरात आपल्या भावाला कळवलं. हा भाऊ लग्नापासून टोकवाल्यांचा उल्लेख "आमचे सुया करणारे" असा करत आला होता. बायकोचा आवाज फोनवर इतका गोड झाला होता की टोकवाले स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ घट्ट करत राहिले.

दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोनदा तार जाळली. शेंडे गोल झाले. पंपवाला दारातून डोकावून म्हणाला की टोक्या, नाव छापून येणार म्हणून हात हवेत राहायला लागला का? टोकवाल्यांनी तिसरी तार कापायला घेतली, तेव्हा तो आत आला, स्टुलावर बसला आणि पाना पुसत राहिला. जाताना एवढंच म्हणाला की पंप बिघडला तर मी ओरडतो, नाहीतर नंतर तो स्वतःच ओरडतो आणि सगळ्यांना ऐकू जातं.

मनात हिशेब चालूच होते. गप्प राहिलो तर? कदाचित कोणाच्या लक्षात येणार नाही. पण जगात टोकं करणारे आपण एकटे नाही. परिषदेत कोणीतरी मागच्या रांगेतून उठेल आणि विचारेल, टोक बदलून पाहिलंत का? बाई तिथे, परक्या लोकांत, माइकसमोर. त्यांना काही माहीत नसणार. माहीत असणारा माणूस इथे तारा जाळत बसलेला. मामाचं ते मागे पडलेलं घड्याळ. आणि सांगितलं तर बाई विचारतील, सात आठवडे कुठे होतात?

त्या संध्याकाळी जेवताना बायकोने ताट त्यांच्यासमोरून बाजूला सरकवलं. "काय केलंय ते सांगा. चोरून जेवल्यासारखं तोंड झालंय तुमचं."

टोकवाल्यांनी सांगितलं. अणू, पायऱ्या, बटर पेपर, अंगठा, सगळं. अंगठ्याचं तिला माहीत होतं; चहाचा कप ती वर्षभर त्यांच्या डाव्या हाताशी ठेवत होती. बाकीचं तिने नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे एकाच पोराचे दोन फोटो काढायचे आणि जुळी झाली म्हणून गावभर सांगायचं, तसं?"

"तसंच म्हण."

"आणि त्या बाईला अजून वाटतंय जुळीच आहेत."

तिने ताट पुन्हा पुढे सरकवलं. म्हणाली की ती बाई चारचौघांत तोंडावर पडणार आणि तुम्ही इथे सुखाने जेवणार, हे तुम्हाला जमायचं नाही. मला एकतीस वर्षांचा अनुभव आहे. भावाला काय सांगायचं ते मी बघते. तो तसाही अर्धंच ऐकतो.

दुसऱ्या दिवशी बाई येण्याच्या आधीच टोकवाले त्यांच्या दाराशी उभे होते. हातात चित्रं आणि बटर पेपर. बाईंनी कुलूप काढलं, पिशवी ठेवली. टोकवाल्यांनी कागद टेबलावर पसरला आणि सरकवून दाखवला. एकदा. मग दुसऱ्या चित्रावर. मग घाणीच्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

बाईंनी कागद आपल्या हातात घेतला आणि स्वतः सरकवला. पुन्हा मागे आणला. पुन्हा सरकवला. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"टोक टेकलं होतं?"

"हो."

"कधी?"

"बसवलं त्याच सकाळी. तीन पायऱ्या जास्त गेल्या माझ्या हातून."

"वहीत नाही."

"नाही लिहिलं."

"का?"

टोकवाल्यांनी तीन दिवस या प्रश्नाची बरीच उत्तरं तयार केली होती. त्यातलं एकही आठवेना. "लाज वाटली," ते म्हणाले.

बाई खिडकीकडे वळल्या. मग आवाज न चढवता म्हणाल्या, "काका, टेकलेलं टोक मी हजार वेळा वापरलंय. नुसतं लिहिलं असतंत तर पहिल्या आठवड्यात मी ते बदलून बघितलं असतं." पुढे म्हणाल्या की चुकलं माझंही, इतकं सुंदर चित्र होतं की बदलायचा मला धीर झाला नाही. पण हे दुसरं वाक्य टोकवाल्यांच्या कानात शिरलं नाही. पहिलंच घर करून बसलं होतं.

परिषदेला पाच दिवस उरले होते. दोनशे चौदा बाहेर काढलं. टोकवाल्यांनी नवं केलं, आणि या वेळी कपाटातलं वीज तोडणारं यंत्र स्वतःहून बाहेर काढून जोडलं. पंपवाल्याने निर्वात चढवला. टोक आत घालायच्या छोट्या कप्प्याला तापवायच्या पट्ट्या गुंडाळल्या, वर चंदेरी कागद. मग वाट बघणं. दोन दिवस टोकवाले दाबाच्या आकड्याकडे असे बघत बसले की जणू त्यांनी नजर काढली तर तो वर चढेल. पंपवाल्याने त्यांना घरी जायला सांगितलं, मग हाकललं, मग स्वतःच शेजारी खुर्ची ओढून बसला. जुळ्यांवर मात्र त्याने एकही विनोद केला नाही. टोकवाल्यांना त्याचीच जास्त धास्ती वाटली.

त्या दोन दिवसांत एक वेडी आशाही त्यांच्या मनात येऊन जाई. समजा, नव्या टोकानेही जुळ्याच दिसल्या तर? मग आपण उगाच घाबरलो, एवढंच होईल. बाई चिडतील, हसतील, परिषदेला जातील. ही आशा आली की त्यांना स्वतःचा राग येई, कारण त्यांना आतून ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळं थंड झालं. टोकवाल्यांनी सवयीने बटणांच्या डबीकडे हात नेला. बाईंनी ती आधीच उचलली होती. "मी उतरवते," एवढंच त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच टोकवाल्यांना ते फार लागलं. ते दोन पावलं मागे सरकले.

वायू सोडला. चित्र वरून खाली, ओळीओळीने उतरू लागलं. पहिली अळी दिसली. सगळे तिच्या उजवीकडे, वरच्या अंगाला बघत होते. तिथे काही नव्हतं. दुसरी. तीही एकटी. बाई पेन्सिलीच्या मागच्या टोकाने पडद्यावर मोजत होत्या, ओठांतल्या ओठांत. एकेचाळीसपर्यंत मोजलं. एकेचाळीस साखळ्या, सगळ्या एकेकट्या, आणि दर चित्रागणिक मुकाट लांब होत असलेल्या.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. त्या दुपारी त्यांनी लेख परत मागवला. परिषदेला कळवलं की विषय बदलला आहे. साखळ्या कशा वाढतात एवढंच त्या बोलतील, जोडीबद्दल काही नाही. कारण म्हणून लिहिलं, आमच्या टोकात दोष होता. टोकवाल्यांनी ते वाक्य पडद्यावर वाचलं. "आमच्या" या शब्दापाशी त्यांची नजर थबकली, आणि ते चष्मा पुसायला बाहेर गेले.

बाई जाऊन आल्या. कोणी काही फारसं विचारलं नाही, असं म्हणाल्या. मग नवा नियम आला: टोक दर आठवड्याला बदलायचं, चालत असो वा नसो. टोकवाल्यांच्या मागे काम वाढलं. दर सोमवारी सहा टोकं. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. मात्र टोक उतरवायचं बाईंनी आपल्याकडेच ठेवलं होतं, आणि सोमवारी सकाळी साडेआठला टोकवाल्यांना हातांचं काय करावं ते कळत नसे. मागे बांधत, पुढे घेत, शेवटी खिशात घालत.

असे तीन सोमवार गेले. चौथ्या सोमवारी बाईंनी बटणं दाबता दाबता झरोक्याशी डोळा नेला, मग डोळा काढून चष्मा वर केला, पुन्हा लावला. टोक आणि प्रतिबिंब यांच्यातली फट त्यांना नीट दिसेना. अंगठा बटणावर तसाच ठेवून त्या बाजूला सरकल्या.

"काका, जरा बघता का? किती राहिलंय?"

टोकवाले पुढे आले. झरोक्यातून पाहिलं. वरून येणारं टोक, खालून वर आलेलं टोक, मध्ये उजेडाची रेघ. त्यांनी खात्री करून घेतली. मग पुन्हा खात्री करून घेतली.

"दाबू?" बाईंनी विचारलं.

"एक," टोकवाले म्हणाले. "आणि मग पुन्हा मला विचारा."